जुना बंगला दुरुस्त करायचाय? आधी गॅरेजवरची खोली बांधा, मग बंगल्याला हात लावा

आमचा बंगला सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात, सासऱ्यांच्या वडिलांनी १९३० च्या दशकात बांधलेला. पुढचा भाग काळ्या घडीव दगडाचा, चुन्यातला, वर लोखंडी गर्डर आणि लादीकोबा (गर्डरवर दगडी लाद्या, त्यावर चुन्याचा थर), व्हरांड्यावर मंगळुरी कौलं, आणि मागचं जुनं स्वयंपाकघर मात्र चक्क माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. कोपऱ्यात गॅरेज, त्यात म्हणे आधी टांगा असायचा, मग अँबॅसिडर आली, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा शेंगांची पोती आणि पाय मोडलेल्या खुर्च्या होत्या. दोन वर्षं काम चाललं. आता बंगला राहण्यासारखा झालाय आणि गॅरेजवर एक छोटं वन आरके उभं आहे. ओळखीत जो तो विचारतो की कसं केलं, कुठून सुरुवात केली, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सुरुवातीलाच सांगते, आमचा क्रम चुकला होता. सगळे म्हणाले आधी राहतं घर नीट करा, गॅरेजचं बघू नंतर, आम्हालाही पटलं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो, अकरा महिने भाडं भरलं, पूर्वेची खोली झकास गिलावा करून रंगवून घेतली, आणि मग गॅरेजच्या पायाचे खड्डे खणायला घेतले तर आठवड्यात त्याच खोलीच्या नव्या गिलाव्याला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर. खोदाई, ट्रकची धडधड, ब्रेकर, हे सगळं जुन्या भिंतीला जाणवतंच, त्यामुळे ते आधी उरकायचं आणि नाजूक काम नंतर. शिवाय गॅरेजवरची खोली आधी झाली असती तर तिथेच राहून लक्ष ठेवता आलं असतं, पाण्याची टाकी तयार असती, काढलेले सागवानी दरवाजे खाली गॅरेजात कोरडे राहिले असते. म्हणून खालचा क्रम आम्ही केला तसा नाहीये, करायला हवा होता तसा आहे.

कागद आधी

प्रॉपर्टी कार्ड काढा आणि नावं वाचा. जुन्या बंगल्यांच्या कार्डावर हमखास वारलेल्या माणसांची नावं असतात. आमच्यात तीन होती, त्यातल्या दोघांची मुलं पुण्याला आणि एकाची हैदराबादला. वारस नोंद करणं, सह्या गोळा करणं यात चार महिने गेले, आणि ते चार महिने गवंड्याला ॲडव्हान्स देऊन बसलो असतो तर भांडणं झाली असती. मग सरकारी मोजणी करून घ्या, कारण कंपाउंडची भिंत जिथे आहे तिथेच हद्द असेल असं अजिबात समजू नका.

राज्यात २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, त्यात बाजूला किती जागा सोडायची, किती एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम) मिळतो, पार्किंग किती लागतं हे सगळं प्लॉटच्या मापावर आणि पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. फरशी बदलणं, गिलावा, रंग, कौलं चाळणं (काढून परत नीट बसवणं) असल्या दुरुस्तीला साधारण परवानगी लागत नाही, पण भिंत काढणं, छत बदलणं आणि गॅरेजवर मजला चढवणं याला लागतेच. आर्किटेक्टमार्फत नकाशा टाका, मंजुरी, मग जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. "कोपऱ्यात आहे, कोण बघतंय" म्हणणारे भरपूर भेटतात, पण पुढे कर्ज किंवा विक्रीच्या वेळी तोच कोपरा अडकतो. आणि गॅरेजच्या जागेतच खोली करायची असेल तर पार्किंग दुसरीकडे दाखवावं लागतं, म्हणूनच आम्ही खाली गाडी, वर खोली असं केलं. तुमची इमारत वारसा यादीत आहे का तेही महापालिकेत विचारून घ्या, असेल तर तिच्या श्रेणीप्रमाणे काय बदलता येतं ते ठरतं.

घराला एक मे महिना आणि एक सप्टेंबर महिना बघू द्या

हे कुणालाच आवडत नाही, पण सोलापुरात हे केल्याशिवाय पैसे घालू नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस पडला की फुगते. पाऊस तसा कमी, पण जो पडतो त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणजे घर मे महिन्यात एका जागी आणि सप्टेंबरात दुसऱ्या जागी असतं म्हणा ना.

मग चीर हलतेय की जुनी झोपलेली आहे हे कसं कळणार? फोटोफ्रेमवाल्याकडून काचेच्या बोटभर रुंद पातळ पट्ट्या कापून आणा, चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी मार्करने तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. आम्ही सात पट्ट्या लावल्या होत्या. पाच जशाच्या तशा राहिल्या, एक मे महिन्यात तडकली (मातीचा खेळ), आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यातली डिसेंबरात तडकली, पाऊस नाही, कडक ऊन नाही, काही नाही. उकरून बघितलं तर जुनी ड्रेनेजची चिनीमातीची नळी सांध्यात फुटलेली, कित्येक वर्षं तिथलं पाणी पायाखाली मुरत होतं. नळी बदलली, नवी पट्टी लावली, ती आजतागायत साबूत आहे. इंजिनिअरने त्या कोपऱ्याला पायाखालून काँक्रीट भरायचा मोठा खर्च सुचवला होता, तो तीस फूट पाइपात भागला.

याच काळात बाकीची तपासणी स्वतः करता येते. ओळंबा धरून भिंतीला पोट सुटलंय का बघा. जुनी दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये चिपा आणि माती. दोघींना बांधून ठेवणारे आरपार दगड कमी असले की बाहेरची भिंत सुटून पोट येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापूरकर पहाटे अंथरुणातून उठून रस्त्यावर आले होते, आणि तिकडच्या खेड्यांत अशाच मातीतल्या दगडी भिंती आणि वर मातीची जड छपरं, त्यांनीच माणसं गाडली. म्हणून पोट सुटलेलं दिसलं तर गिलाव्याने झाकायचा विचारसुद्धा नको, तेवढा भाग टेकू देऊन उतरवा आणि आरपार दगड घालून परत बांधा, किंवा इंजिनिअर सांगेल तशी काँक्रीटची बांधणी करा.

लाकडात स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. मध्ये नाही, टोकाला, जिथे तुळई भिंतीत जाते तिथे. सागवान मधून ठणठणीत आणि टोकाला भुसा, हे आमच्या चार तुळयांचं झालं होतं. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई फेकायची गरज नसते, कुजलेलं कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळून नवं टोक जोडता येतं. असलं सागवान आता विकत घ्यायला जाल तर घाम फुटेल.

माणूस कोणता घ्यायचा

पहिला इंजिनिअर आला, दहा मिनिटं फिरला, म्हणाला "पाडून टाका, जी प्लस टू होईल." दुसरा म्हणाला काही होत नाही, वरून सिमेंट मारून घ्या. तिसऱ्याने बूट काढून कौलांवर चढून बघितलं, तो घेतला. विचारायचा प्रश्न एकच, चुन्यात काम केलंय का, आणि कुठे ते दाखवा. मिस्त्री आम्हाला अक्कलकोटकडचा मिळाला, घरी कानडी बोलणारा, मला अक्का म्हणायचा, त्याच्या वडिलांनी घाणीचा (दगडी चाकाखाली दळलेला) चुना मळलेला. चुनेरी काम म्हणजे काय दिसतं हे बघायचं असेल तर अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन आहेच, तेच आपल्या महापालिकेचं. कामाला निघायच्या आधी एकदा नीट बघून या, डोळा तयार होतो.

पैशाचं म्हणाल तर जेवढा अंदाज निघेल त्याच्या वीस-पंचवीस टक्के वेगळे काढून ठेवा आणि त्याबद्दल घरात कुणाला सांगू नका.

आता गॅरेज

जुन्या गॅरेजच्या भिंतीवर मजला चढवू नका. भिंत कितीही जाड दिसू दे. तिचा पाया एका छपराच्या वजनासाठी घातलेला असतो. आमचं जुनं गॅरेज पुढे कललेलंच होतं, ते उतरवलं, पण प्रत्येक घडीव दगडावर ऑइल पेंटने नंबर टाकला, पू-१, पू-२ असं, आणि नवीन सांगाड्याच्या मधल्या भिंतीत पुढच्या बाजूला तेच दगड त्याच क्रमाने लावले. पू-१४ चा नंबर आतून अजून दिसतो, मुलीने पुसू दिला नाही.

पहिलं काम, एक चाचणी खड्डा. आमच्याकडे साडेचार फूट काळी माती, मग पिवळसर मिश्र थर आणि सहा फुटांवर कडक मुरूम लागला. पाया मुरमावरच टेकवायचा, काळ्या मातीत कितीही मोठं फूटिंग (कॉलमखालची काँक्रीटची बैठक) टाका ते तिच्याबरोबर वरखाली होणार. काही भागांत काळी माती खूप खोल असते, तिथे अंडररीम्ड पाईल म्हणजे खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले पाईल घालतात, ते इंजिनिअर ठरवेल. खड्डे भरताना तीच काढलेली काळी माती परत ढकलायची सवय बिगाऱ्यांना असते, तुम्ही उभं राहून मुरूम भरून घ्या, सहा-सहा इंचाचे थर, पाणी मारून धुम्मस (ठोकून दाबणं). काढलेली माती शेतकऱ्याला द्या, तो खूश होऊन घेऊन जातो.

बंगल्याजवळ खणताना सगळे खड्डे एकदम उघडू नका. एक खणा, काँक्रीट करा, भरा, मग पुढचा, तोही एक सोडून एक. जुन्या पायाला लागून त्याच्या खाली तर जायचंच नाही. आमच्या इंजिनिअरने बंगल्याकडचे कॉलम बंगल्यापासून पाच फूट अंतरावर घेतले आणि वरचा मजला तेवढा बीमवर बाहेर काढला, आणि नवं-जुनं कुठेच चिकटू दिलं नाही, मध्ये इंचभर फट, तिच्यावर फक्त पत्र्याची पट्टी, पाऊस आत जाऊ नये म्हणून. दोन इमारती वेगवेगळ्या खचतात, वेगवेगळ्या हलतात, त्यांना एकत्र बांधलं की सांध्यात चीर ठरलेली.

मापं सांगते. गाडीला पार्किंग अडीच बाय पाच मीटर धरतात, पण दार उघडून माणूस उतरायला पाहिजे, बाजूला सायकल, गॅस सिलेंडर, पाण्याची मोटर येते, म्हणून आम्ही बाहेरून १४ बाय २२ फूट घेतलं. वर झाले ३०८ चौरस फूट, भिंती वजा करता एक खोली, ओट्याची जागा, संडास-बाथरूम आणि उभं राहण्यापुरती बाल्कनी. हौसेने वन बीएचके करायला जाऊ नका, दोन खुराडी होतात. जिन्याचा हिशोब लोक विसरतात. मजल्याची उंची १० फूट धरली तर पावणेसात इंचाच्या आसपास १८ चढ, १७ पायऱ्या दहा-दहा इंचाच्या, म्हणजे सरळ जिन्याला चौदा फुटांच्या वर जागा, वर लँडिंग वेगळं. आम्ही जिना मुद्दाम पश्चिमेला बाहेरून घेतला, त्याची सावली भिंतीवर पडते.

कारण खरी लढाई उन्हाशी आहे. बंगल्याच्या दीड-दोन फुटी भिंती दुपारभर थंड राहतात, आणि गॅरेजवरची खोली म्हणजे चारी बाजूंनी आणि वरून उघडी, मे मध्ये पारा ४३ ला गेला की स्लॅबखाली भाकरी भाजून निघेल. पश्चिमेला खिडकी ठेवलीच नाही, फक्त वर छोटा झरोका. खिडक्या उत्तर-दक्षिण, समोरासमोर, दोन फुटी छज्ज्यासकट. उंची साडेदहा फूट. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे. एवढं करून दुपारी तीनला कूलर लागतोच, पण रात्री पंख्यावर झोप येते, शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावाल्यांना तेवढंही नशिबात नाही.

स्लॅबचा दिवस जानेवारी-फेब्रुवारीत धरा, पण संक्रांतीच्या आठवड्यात नको, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक असताना कोणी कामावर येत नाही आणि येऊही नये. सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे) लावलेत का हे स्वतः वाकून बघा, स्लॅबला २० मिलीमीटर, कॉलमला ४०, पायाला ५०. दगडाचे तुकडे सरकवतात, चालत नाही. दुसऱ्या दिवशी वाळू-सिमेंटची आळी करून पाणी साठवायचं, आणि आपल्या कोरड्या हवेत बाजारातल्या नेहमीच्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला १४ दिवस पाणी लागतं, सात नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी, म्हणून स्लॅबच्या आधी टँकर सांगून हौद भरून ठेवला होता. काँक्रीट वाळायला नाही, ओलं राहायला पाहिजे हे सासूबाईंना पटेना, त्या म्हणायच्या एवढ्या पाण्यात आठवडाभर धुणी झाली असती.

हौदाचंही इथेच उरकून घ्या. माणशी दिवसाला १३५ लिटर धरा, बंगल्यात चार आणि वर दोन अशी सहा माणसं, पाच दिवस, म्हणजे चार हजार पन्नास लिटर झाले, आणि एखादी पाळी चुकली तर दुप्पट. अडीच बाय दोन मीटर आणि १.८ मीटर खोल हौद केला की ९ हजार लिटर बसतात. जुन्या भिंतीपासून निदान दहा फूट लांब करा, हौद कधी ना कधी गळतो आणि काळ्या मातीला पाणी पाजायचं नाहीये. वरची टाकी गॅरेजच्या नवीन स्लॅबवर, कॉलमच्या डोक्यावर ठेवा आणि तिथूनच बंगल्याला पाणी घ्या. हजार लिटर म्हणजे एक टन, ते लादीकोब्यावर ठेवणारे लोक मी बघितलेत.

वरच्या संडासाची लाइन चार इंची, दर चाळीस फुटाला एक फूट उतार, प्रत्येक वळणाला चेंबर, आणि ती बंगल्याच्या पायाला घासून नेऊ नका. वीज मीटर महावितरणकडून वेगळं घ्या, नाहीतर भाडेकरूच्या एसीवरून दर महिन्याला तोंड कडू.

खोली झाली की तिच्यात राहायला जा. सामान थोडं न्या.

मग बंगला, वरून खाली

छपराचं काम नोव्हेंबर ते मे. आधी माळवद. आमचं स्वयंपाकघर १० बाय १२ फूट, दरवर्षी गळतंय म्हणून वर पांढरी माती टाकत टाकत थर दीड फुटावर गेला होता. हिशोब करा, १८० घनफूट माती म्हणजे जवळजवळ ८ टन, सहा तुळयांच्या डोक्यावर. आधी खालून टेकू लावा, मग माती दोन्ही कडांनी सारखी सारखी उतरवा, एका बाजूने काढलं तर भिंतीवर भलताच ताण येतो. किलचणाच्या (तुळयांवर अंथरलेल्या) फळ्यांमध्ये विंचू असतात, हातमोजे घालूनच. आम्ही तुळया आणि किलचण खालून दिसेल असं ठेवलं आणि मातीऐवजी वर लोखंडी पाइपांचा हलका सांगाडा करून मंगळुरी कौलं घातली. काहींना मातीच ठेवायची असते, गारव्याला तोड नाही हे खरंय, मग तुळया धडधाकट असतील तर थर कमी करून नीट उतार द्या, पण दरवर्षी भर घालायची सवय सोडा.

लादीकोब्याला बघायचं ते गर्डर. गंजाने पत्री सुटून लोखंड फुगतं आणि शेजारची लादी उचलते. तारेच्या ब्रशने खरवडून चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासा, प्राइमर, रंग. पातळ झालेल्या गर्डरच्या शेजारी नवा सरकवला. वरचे डांबर, सिमेंट, रंग असे चार पिढ्यांचे थर सगळे काढले, पोती भरून निघाली, आणि नवा कोबा दहा फुटाला सव्वा इंच उतार देऊन केला. कठड्याच्या कडेला गोल वाटा (कोपऱ्याला गोलाई) मारून घ्या, गळती तिथूनच असते. पन्हाळी भिंतीपासून फूटभर तरी पुढे काढा.

कौलांचं सोपं, फुटलेली बदला, वासे-रिपांना वाळवी बघा, आणि दर मे अखेर कौलं चाळून घ्या. वाळवीसाठी जोत्याभोवती भोकं पाडून औषध भरून घ्यायचं ते छपरानंतर, फरशीच्या आधी.

भिंतींना सिमेंट नको

सगळ्यात जास्त भांडण यावरच झालं. जुन्या भिंतीत जमिनीतली ओल चढते आणि चुन्यातून सावकाश बाहेर निघून वाळते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की तिची वाट बंद होते, मग ती आणखी वर चढते, मीठ फुटतं, गिलावा पापडासारखा सुटतो आणि मागचा चुना भुसभुशीत होतो. आमच्या दिवाणखान्यात कोणीतरी सत्तरच्या दशकात केलेला सिमेंटचा पट्टा होता, कमरेएवढा, आणि ओल बरोबर त्याच्या वरच्या काठावर. तो छिन्नीने उतरवला, मशीन लावू दिलं नाही, आणि एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळू दिली. पाहुणे आले की लाज वाटायची, पण वाळली.

चुन्याची रीत अशी. कळीचा चुना खड्ड्यात पाणी घालून विरवायचा, तो उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जाईल, चष्मा घालूनच आणि पोरं-कुत्री लांब. मग जाळीतून गाळून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवायचा, महिना ठेवला तर आणखी चांगलं. आमच्या मिस्त्रीचं प्रमाण एक चुना, एक सुरखी म्हणजे विटांची भुकटी, दोन वाळू, पाण्यात थोडा गूळ आणि हिरड्याचा काढा. गूळ जास्त नको, "अक्का, मुंग्यांना आमंत्रण द्यायचं नाही" हे त्याचं. आधी दगडांमधल्या फटी खरवडून, पाणी मारून भरायच्या, मग अर्ध्या इंचापेक्षा पातळ थर, तो घट्ट झाला की दुसरा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात चुना पकडायच्या आधीच सुकून पडतो. ओलं गोणपाट आठवडाभर तरी लटकवा. रंगही चुन्याचाच, प्लास्टिक पेंट मारलात तर वरचं सगळं वाचलेलं व्यर्थ.

बाहेरचे काळे दगड ॲसिडने धुवू नका, नायलॉनचा ब्रश आणि पाणी पुरे. जोत्याभोवती तीन फूट रुंद शहाबादी फरशी बाहेरच्या उताराने बसवा आणि तिला लागून झाडं-कुंड्या नकोत, मला माझा जास्वंद हलवावा लागला.

राहिलेलं पटापट

वायरिंग पूर्ण नवीन. लाकडी पट्टीवरची जुनी तार ठेवायची हौस असेल तर पट्टी ठेवा, तार नको. दिव्याला १.५, प्लगला २.५, गिझर-एसीला ४ चौरस मिलीमीटर, नवं अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). दगडी भिंतीत चर मारू नका, चुना निखळतो, पाइप बाहेरून न्या किंवा चौकटीच्या कडेने. जुने जीआय पाइप आतून गंजून बोटाएवढं भोक राहिलेले असतात, सगळे काढा.

दरवाजे रंग काढायला भट्टीत किंवा कॉस्टिकमध्ये टाकू देऊ नका, सांधे सुटतात. खरवडून, जवसाचं तेल. शहाबादी फरशी उचलताना मागे नंबर टाका, उलटी करून बसवली तर खालची बाजू नवी कोरी निघते, ही मिस्त्रीची युक्ती, टाइल्सचे पैसे वाचले.

वरची खोली भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि नवीन बांधकामाची घरपट्टी आपणहून लावून घ्या. आमच्याकडे सध्या एक शिकाऊ डॉक्टर जोडपं आहे, दिवसभर नसतातच.

आणि हे विसरू नका, भिंत किंवा फरशी बंद करायच्या आधी प्रत्येक पाइपचा, वायरचा, जोडलेल्या तुळईच्या बोल्टचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, खोलीच्या नावाने सेव्ह करा. सासऱ्यांना हा सगळा रिकामटेकडेपणा वाटत होता. परवा देवघरात कालनिर्णय लावायला खिळा आणि हातोडी घेऊन उभे राहिले, आणि ठोकायच्या आधी मला हाक मारली, "सूनबाई, जरा तो फोटो दाखव बरं."